दहा लाख वाटांचं घर

माणसाने आजवर जेवढं म्हणून रक्त सांडलं, ते सीमेपायी सांडलं. राज्यं बुडाली ती सीमेवर, वंश निर्वंश झाले ते सीमेवर, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी एकमेकांचे गळे धरले तेही सीमेवरच. पुढची हकीकत अशाच एका सीमेची आणि तिच्यावर सांडलेल्या रक्ताची आहे.

ही सीमा जिन्याखाली होती. साडेचार फूट उंच, तीन फूट रुंद, पाठीला संडासाची भिंत, आणि दारावर पाटी : 'येथे चपला काढू नयेत.'

रक्त मात्र खरंच सांडलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरचा डाग अजून आहे. ताईने तो तीन प्रकारच्या पावडरींनी घासून पाहिला. शेवटी पायरीचा रंग तेवढा गेला.

ताई म्हणजे शहरातल्या अकरा हजार घरांना इंटरनेट पुरवणाऱ्या एका घरगुती कंपनीची इंजिनिअर. तिचा थोरला भाऊ तिला ताई म्हणे, धाकटा ताई म्हणे, गिऱ्हाइकं शिव्या देण्याआधी ताई म्हणत. कंपनी वडिलांची, म्हणजे आबांची. आबांनी सुरुवात केली ती टीव्हीच्या केबलने. त्या काळी या धंद्यात हद्दी असत, आणि त्या हातांनी आखल्या जात. पलीकडच्या गल्लीतल्या केबलवाल्याची तार आबांनी छाटली, आणि छाटलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून त्याच तुकड्याने त्या केबलवाल्याला फोडून काढलं. जाताना त्या गृहस्थाने आबांचा डावा कान निम्मा सोबत नेला. आबा पुढे आयुष्यभर फोन उजव्या कानाला लावत आणि हिशेब बरोबरीत सुटला असं मानत.

या घराण्याचा एक नियम होता. रस्ता विचारायचा नाही. कुणालाही, कधीही. "ज्याला स्वतःची वाट ठाऊक नाही, त्याने घराबाहेर पडू नये," असं आबा म्हणत. फोनवरचा नकाशा बघणं हेही त्यांच्या लेखी विचारणंच होतं, फक्त तोंड न उघडता. छातीत कळ आली त्या दिवशी ते स्वतः गाडी हाकत हॉस्पिटलला निघाले. नवं हॉस्पिटल गावाबाहेर गेलेलं, हे त्यांना माहीत होतं. कुठे गेलेलं, हे माहीत नव्हतं. दोन तासांनी ते वीटभट्टीशेजारी सापडले. गाडी नीट रस्त्याच्या कडेला लावलेली, आणि वळणाचा उजवा दिवा चालू.

कंपनीचा कारभारही याच नियमाने चाले. आपल्या तारा जिथे संपतात आणि उरलेलं जग जिथे सुरू होतं, त्या उंबरठ्यावर एक यंत्र बसवावं लागतं. त्याला बॉर्डर राउटर म्हणतात. गावातून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट त्याच्यासमोर येते, आणि ते तिला सांगतं, तू या दाराने जा, तू त्या दाराने. आबांच्या घराला दारं दोनच होती. ज्यांच्याकडून ते इंटरनेट घेत त्या दोन मोठ्या कंपन्या. दोन दारांचं घर असलं, की साधारण माणूस समोर जे येईल ते यातल्या एका दाराबाहेर ढकलतो आणि 'पुढचं तुम्ही बघा' म्हणतो. आबांना ते भीक मागितल्यासारखं वाटे. त्यांनी दोन्ही कंपन्यांकडून अख्ख्या जगातल्या सगळ्या वाटांची यादी मागवून घेतली होती. बारा वर्षांपूर्वी ती पाच लाखांची होती. आता दहा लाखांच्या वर गेली होती.

ताईने एकदाच, पाच वर्षांपूर्वी सुचवलं होतं, "आबा, एवढी यादी आपल्याला कशाला? त्यांना सांगू, नुसती एक ओळ पाठवा." आबांच्या हातात तेव्हा तारा दाबायची पकड होती. ती ताईच्या कपाळावर बसली. चार टाके. आबा नंतर हळहळले. पकड चांगली होती.

आबा गेल्यावर यादीचा मान आईने राखला. आई पुढच्या काउंटरवर बसे, तक्रारी घेई आणि हातात फळ्यावर दाखवायची छडी ठेवी. रोज सकाळी दार उघडलं की ती आतल्या दिशेने ओरडे, "यादी किती?" ताई पडद्यावर बघून आकडा सांगे, आणि आई काउंटरमागच्या फळ्यावर खडूने लिही : 'आज आपल्या घरात १०,०३,२११ वाटा.' गिऱ्हाईक म्हणे, "आजी, माझं नेट बंद आहे." आई छडीने फळा दाखवी.

आता ज्या यंत्राच्या डोक्यात ही यादी ठेवायची, ते आबांच्या वेळचंच होतं. सगळे त्याला आजोबा म्हणत. त्याच्या डोक्यात दहा लाख साडेतीन हजार वाटा कशाबशा मावत. दहा लाख चार हजार मावत नसत. आकडा दिवसभर खालीवर होई; यादी वर गेली की आजोबा डोळे फिरवून आडवे होत आणि पुन्हा शुद्धीवर येऊन पहिल्यापासून घोकायला बसत. त्याला अकरा मिनिटं लागत. दिवसातून पाच वेळा अकरा हजार घरं अकरा मिनिटं अंधारात जात, आणि मग कुणातरी एका घराला जाऊन सांगावं लागे की काळजी करू नका.

हे सांगायला दाजी जात.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. शिडी खांद्यावर टाकून घरोघर जाणारा, आवाज न चढवणारा, दार उघडणाऱ्याला आधी नमस्कार करणारा माणूस. नमस्काराला दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि लोकांना तेवढं पुरे.

सोमवारी दाजी परत आले ते अर्धी शिडी घेऊन.

"उरलेली कुठाय?" ताईने विचारलं.

"त्यांच्याकडेच राहिली. तिनंच मारलं ना." दाजींनी मूठ उघडली. मुठीत एक दात होता, चांगला मुळासकट.

"अहो! कुणी पाडला?"

"डेंटिस्टनं. तो चौकातला, वरच्या मजल्यावरचा."

"डेंटिस्टनं?"

"भला माणूस आहे गं," दाजी रक्त गिळत म्हणाले. "मारून झाल्यावर म्हणाला, गुरुवारी या, बसवून देतो."

ताईने तो दात कनेक्टरच्या डबीत ठेवला. तिथे आधीचे दोन होते. दाजींची तीन बोटं, दोन बरगड्या आणि एक मनगट एवढा हिशेब तिला तोंडपाठ होता. अंगात उरलेल्या हाडांचाही तिला अंदाज होता. राउटर ठरायला आणखी महिना लागला, तर तेवढी पुरणार नव्हती.

आणि राउटर ठरत नव्हता. आबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं : 'सीमेवरचं यंत्र दोघा मुलांनी एकमताने निवडावं. मुलीने ते चालवावं.'

थोरला तो दादा. केबलच्या दिवसांत तो आबांच्या उजव्या हाताला उभा राही. यंत्र पारखायची त्याची रीत साधी होती : उचलून बघायचं. जे उचललं जाईल ते हलक्या प्रतीचं. त्याने एका बुडालेल्या बँकेच्या तळघरातून एक धूड आणवलं होतं, लोखंडी तिजोरीएवढं. चार हमाल लागले. उतरवताना त्यातल्या एकाच्या पायाचा अंगठा जागीच सपाट झाला. दादा खूश झाला. "याला म्हणतात राउटर!" त्या धुडाला ऑफिसात हत्ती म्हणू लागले.

धाकटा तो बारक्या. वय चाळीस, वजन एकशे आठ किलो, पण पाळण्यात पडलेलं नाव निघत नाही. बारक्या यंत्र निवडायचा ते इंटरनेटवर अनोळखी माणसांशी भांडून. ज्या यंत्राच्या बाजूने भांडताना समोरचा गप्प बसेल ते यंत्र उत्तम. अशा रीतीने त्याने एक नवं कोरं, चपटं, पाटाएवढं खोकं आणलं होतं. ते काखेत मारून कुठेही नेता येई, म्हणून दादा ते बघून थुंकला. ती चिमणी.

मंगळवारची बैठक सव्वाचार मिनिटं चालली. त्यातलं पहिलं मिनिट पंखा लावण्यात गेलं.

"हत्तीला दहा कप्पे आहेत," दादाने सुरुवात केली.

"नऊ रिकामे," बारक्या म्हणाला.

"म्हणजे वाढायला वाव आहे."

"तुझ्या डोक्यातही तेवढाच आहे. दादा, भंगार आहे रे ते. बँक बुडाली ती त्याच्या विजेच्या बिलानं."

"आणि तुझं ते? पोळपाट कुठला! वारा आला तर उडेल."

"आबा असते ना, तर त्यांनी तुला..."

वाक्य अपुरं राहिलं, कारण आबांचं नाव निघताच दादाने टेबलावरची ती ऐतिहासिक पकड उचलली, बारक्याची करंगळी तिच्या जबड्यात घातली आणि दाबली. ही पकड आठ तारा एका वेळी दाबते. करंगळीच्या नखावर आठ बारीक भोकं एका ओळीत, सारख्या अंतराने पडली. आबांची पकड खरंच चांगली होती.

बारक्याने किंकाळी फोडली आणि डाव्या हाताने रॅकची पोलादी पट्टी उपसून दादाच्या तोंडावर आडवी हाणली. ओठ फाटला. पुढचा दात ओठातून बाहेर आला आणि तिथेच थांबला. दादाने त्याच तोंडाने बारक्याचा खांदा धरला आणि सोडेचना. दोघं टेबलासकट आडवे झाले. काचेची पाण्याची बाटली फुटली आणि तिच्यावर लोळताना दोघांच्या पाठीतून बारीक करकर येऊ लागली.

"काय चाललंय आत?" काउंटरवरच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"मिटिंग," आई म्हणाली. "बसा तुम्ही."

ताईने दोघांवर अग्निशामक नळकांडं मोकळं केलं. पांढऱ्या फेसातून दोन डोकी वर आली.

"ऐका," ती म्हणाली. "मला हत्ती नको, चिमणी नको, मला फक्त हे माणूस जिवंत हवंय." तिने दाराशी उभ्या दाजींकडे बोट केलं. दाजी तोंडात कापूस धरून हसले. "उद्या एक दिवस हत्ती लावू, परवा एक दिवस चिमणी. जो यादी पेलेल तो राहील. कबूल?"

"कबूल," दादा दाताआडून म्हणाला.

"लिहून घे त्याच्याकडून," बारक्या म्हणाला.

बुधवारी हत्ती लागला. बटण दाबताच जिन्याचा दिवा मंद झाला, मग ऑफिसचा, मग समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं आणि शिंपी कात्री घेऊन दारात आला. हत्तीचे पंखे असे घोंगावू लागले की आईला तक्रारी ऐकू येईनात. तिचा तो दिवस बरा गेला. मागच्या बाजूची पंख्यांची जाळी बँकेतच राहिली होती. पाती उघडी फिरत होती. ताईने त्यावर पुठ्ठा लावला. पात्यांनी पुठ्ठा खाल्ला.

यादी चढू लागली. तीन लाख. सहा लाख. आठ लाख. आठ लाखांवर हत्ती थांबला.

"दमला असेल," दादा म्हणाला.

हत्ती दमला नव्हता. त्याच्या डोक्यातली जागा संपली होती. बनवणाऱ्यांनी ते चौदा वर्षांपूर्वी बनवलं होतं आणि आठ लाखांच्या पुढे जग जाईल अशी त्यांना कल्पना नव्हती. उरलेल्या दोन लाख वाटांना जाणारं सगळं हत्ती शांतपणे टाकून देऊ लागला. गावातल्या निम्म्या लोकांना निम्मं इंटरनेट दिसेना, आणि कुठलं निम्मं ते कुणालाच कळेना.

बारक्या हसला. हसायला नको होतं. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता आणि दादा त्याच्या मागे.

बारक्या सोळा पायऱ्या खाली आला. वाटेत तिसऱ्या पायरीवर त्याचं डोकं आपटलं आणि चामडी डोळ्यावर उलटली. तळाला पोचताना खांद्याजवळ वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ते गळ्याजवळचं हाड. त्याचं टोक कातडीखाली तंबूच्या खांबासारखं उभं राहिलं.

"आठ लाख!" बारक्या खालून, रक्ताआडून ओरडला. "आठच लाख!" आणि पुन्हा हसला. एवढी मोडतोड होऊनही ज्याचं हसू शाबूत राहतं, तो माणूस इंटरनेटवर भांडून तयार झालेला असतो.

सायंकाळी हत्तीला रॅकच्या खालच्या फळीवरून वरच्या फळीवर, दोन विटांच्या आधाराने, 'विश्रांतीसाठी' ठेवण्यात आलं. दादाने त्याची वीज तोडू दिली नाही. म्हणाला, "तापला की सुधारेल."

गुरुवारी चिमणी लागली. ताईने तारा जोडल्या, ओळी लिहिल्या आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा यादी दहा लाख चार हजारांवर होती. पावणेदोन मिनिटं लागली होती. चिमणी साधी कोमटही झाली नव्हती. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. एकदाही गाव अंधारात गेलं नाही. जिन्याखाली बसल्या बसल्या ताईला रडू आलं, आणि संडासाच्या भिंतीमुळे तिला नाक पुसताना लाजही वाटली नाही.

दाजी दुपारी जेवायला आले ते पूर्ण शिडी घेऊन, नवा दात बसवून.

"अगं, एका घरात मला पाणी दिलं," ते म्हणाले. "तांब्या उचलला ना तिनं, मी डोकं धरून खाली बसलो. तर तिनं पुढे केला. प्यायला."

"मग?"

"मग काय, प्यालो. पण दोन घोटांनंतरसुद्धा एक डोळा तांब्यावरच होता."

साडेतीन वाजता दादा आला. त्याच्या हातात घण होता.

ताई जिन्याखालून रांगत बाहेर आली. "दादा, थांब. चालतंय ते. यादी पेलली त्यानं. तूच कबूल केलं होतंस. अरे, चालतंय!"

"म्हणूनच," दादा म्हणाला.

पहिल्या घावात चिमणीचं झाकण वाकलं. दुसऱ्यात आतली हिरवी पाटी तडकली आणि दिवे गेले. तिसरा घाव गरजेचा नव्हता, पण दादा अर्धवट काम ठेवणारा माणूस नव्हता. अकरा हजार घरं एका दमात अंधारात गेली.

बारक्या गळ्यात हात अडकवून आईशेजारी बसला होता. त्याने आवाज ओळखला. आत येताना त्याने हत्तीबरोबर आलेली एक जादा वीजतार उचलली, मागून दादाच्या गळ्यात टाकली, एक टोक हातात आणि दुसरं दातांत धरलं, आणि मागे झुकला. एकशे आठ किलो मागे झुकले. दादाचे डोळे बाहेर आले. तोंड आधी तांबडं, मग जांभळं, मग दारावरच्या पाटीवरच्या निळ्या अक्षरांच्या रंगाचं झालं. घण सुटला तो दादाच्याच गुडघ्यावर पडला. दादाने लाथ झाडली. ती हत्तीखालच्या विटेला लागली.

हत्ती क्षणभर विचारात पडल्यासारखा झुकला आणि मग आला.

तो दादाच्या उजव्या पायावर आला. पाच बोटांचा एकत्र आवाज होतो तो वेगवेगळ्या पाच आवाजांहून निराळा असतो. चपलेच्या कडेने काहीतरी पसरलं. दादाने आकाशाकडे बघून बोंब मारली, पण वर जिना होता. हात सापडेल ते धरत गेला आणि त्याला बारक्याचा कान सापडला. तो धरून त्याने बारक्याचं तोंड हत्तीच्या पाठीकडे ओढलं. पंखे चालूच होते. दादा खरंच म्हणाला होता, तापला की सुधारेल. पात्यांनी बारक्याच्या नाकाचा शेंडा इतक्या स्वच्छ नेला की रक्त यायला दोन सेकंद लागले. मग ते आलं. पंख्याने ते सारखं वाटून चारी भिंतींवर दिलं.

आई छडी घेऊन आली आणि दोघांना मारू लागली. एक याला, एक त्याला. आईने आयुष्यात कधी दुजाभाव केला नाही. छडी मोडली तेव्हा ती थांबली आणि उरलेला तुकडा बघत म्हणाली, "शिसवी होती."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

"तुमचा एक माणूस आलाय आमच्याकडे," पलीकडून एक कंटाळलेला आवाज. "हॉस्पिटलच्या काउंटरवरून बोलतोय. शिडीवाला. मांडीचं हाड बाहेर आलंय."

"काय झालं?"

"आमच्या गेटासमोरच एका निवृत्त न्यायाधीशांच्या घरी शिडीवर होते. अचानक नेट गेलं. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला आणि शिडी ओढली. दोन मजले."

"मग घ्या ना त्यांना आत! ऑपरेशन करा!"

"दाखल करून घेता येत नाही, बाई. फॉर्म नेटवर असतो. नेट बंद आहे. कुठलीतरी घरगुती कंपनी आहे, भिकारडी."

"रक्त किती जातंय?"

"पुसणाऱ्या मावशी दोनदा येऊन गेल्या." मागून एक क्षीण आवाज आला. "ते म्हणतायत, तिला सांगा मी बरा आहे. आणि शिडी पूर्ण आहे म्हणे."

ताईने फोन ठेवला. चिमणी मेली होती. हत्ती दादाच्या पायावर होता. उरले आजोबा. आजोबांना तारा लावल्या की ते अकरा मिनिटं यादी घोकणार, दहा लाखांवर पोचणार आणि डोळे फिरवणार. मग पुन्हा अकरा मिनिटं. एवढ्यात दाजींच्या अंगातलं पुरणार होतं की नाही, हे तिला डबीतल्या दातांवरून काढता येईना. तिने आजोबांना तारा लावल्या. तिचा हात आपोआप कपाळावरच्या चार टाक्यांच्या व्रणावर गेला.

मग तिने मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो काहीतरी चघळत होता.

"ताई बोलतेय."

"बोला ताई. पडलात ना पुन्हा?"

"यादी पाठवणं बंद करा."

चघळणं थांबलं. "कुठली? सगळी?"

"सगळी. नुसती एक ओळ पाठवा. ज्याची वाट आम्हाला माहीत नाही ते तुमच्याकडे द्यायचं. एवढीच."

"ताई," जमिनीवरून दादा विव्हळला, "अगं, आपण... विचारतोय?"

"विचारतोय."

"आबा काय म्हणतील?"

"दादा, आबा गेले. वीटभट्टीपाशी गेले."

"झालं, ताई," फोनमधला माणूस म्हणाला. त्याला अर्धं मिनिट लागलं होतं. "बघा आता. एक विचारू? अहो, दोनच दारं तुमची. एवढी यादी करत काय होता?"

"वाचत होतो," ताई म्हणाली. तिने दुसऱ्या कंपनीलाही तोच निरोप दिला. आजोबांचे दिवे एकामागोमाग हिरवे झाले आणि हिरवेच राहिले. समोरच्या इमारतीतून कुठल्यातरी मालिकेतली बाई मध्येच तुटलेलं वाक्य पुरं करू लागली. ताईने हॉस्पिटलला फोन लावला. कंटाळलेला आवाज म्हणाला, "आलं हो नेट. घेतलं त्यांना आत. पण सही लागेल, घरचं कुणीतरी या लवकर. नाहीतर टेबलावरून खाली घेऊ."

आई आत डोकावली. भिंती लाल, एक मुलगा यंत्राखाली, दुसऱ्याच्या नाकाच्या जागी फडकं.

"यादी किती?" तिने विचारलं.

"एक," ताई म्हणाली.

आई वळली. काउंटरमागे जाऊन तिने पदराने फळा पुसला आणि मधोमध एक आकडा काढला. जरा लांब जाऊन बघितला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता अक्षर मोठं काढता येतं."

शिंप्याने आणि दोन गिऱ्हाइकांनी मिळून हत्ती उचलला. ताईने दोघा भावांना गाडीच्या मागच्या भागात, केबलच्या वेटोळ्यांवर टाकलं आणि गाडी दामटली. पहिल्या नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे रस्त्याला दोन फाटे होते.

"डावीकडे," दादा मागून म्हणाला.

"उजवीकडे," बारक्या म्हणाला. नाकाअभावी ते भलतंच ऐकू आलं, पण हात उजवीकडे होता.

"तुला काय ठाऊक? मला पाठ आहे वाट. डावीकडे घे, ताई!"

"आठच लाख!" बारक्या म्हणाला.

ताईला आरशात दिसलं की दादाने बारक्याच्या मोडक्या हाडावर कोपर टेकवलंय आणि बारक्याने दादाच्या पायाच्या फडक्याचं टोक धरून हळूहळू ओढायला घेतलंय. दोघं एकदमच किंचाळले. गाडीचं मागचं दार आतून लाथेने उघडलं आणि पुन्हा आपटलं. केबलचं एक वेटोळं रस्त्यावर घरंगळत गेलं. वीटभट्टीची चिमणी डाव्या बाजूला दूरवर धूर सोडत होती. उजव्या बाजूला काय होतं, ते घराण्यात कुणालाच माहीत नव्हतं.

नाक्यावर पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. ताईने ब्रेक दाबला. मागे दोन डोकी एकमेकांवर आपटली. तिने काच खाली केली, आणि तिच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी काढला नव्हता तो आवाज काढला.

"अहो काका, हॉस्पिटलला कुठून जायचं, जरा सांगता का?"